नावाड्याची बाजू

डोंबिवलीतल्या त्या शाळेचा जुना हॉल पाडणार आहेत असं कळलं, तेव्हा मी विलासला म्हटलं, चला, एकदा बघून येऊ. विलास म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी 'अहो' म्हणते, पण लिहिताना नाव घ्यायला मला कोण अडवतंय? तो म्हणाला, "काय बघायचंय त्यात? चार भिंती आणि वर पत्रा." तरी आला. शहाडहून आम्ही दुपारची जेवणं उरकून निघालो. डोंबिवली पूर्वेला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने ज्या गल्लीत सोडलं ती मला ओळखूच येईना. जिथे तिथे सात-सात मजले. शाळेचं फाटक तेवढं जुनंच होतं, गंजलेलं, आणि उघडताना अजूनही तस्संच किंचाळणारं.

वॉचमन भला माणूस. "बघा बघा, आजी, सोमवारपासून तोडायला घेतायत," म्हणाला. आजी म्हणाला याचा राग यायला हवा होता, पण मी आधीच आत शिरले होते. बाकं काढून नेलेली. स्टेजवरच्या फळ्या निम्म्या उखडलेल्या. आत कोंदट, दमट, बंद खोलीला येतो तो वास. मी मान वर केली आणि खिडक्यांकडे पाहिलं. प्रत्येक खिडकीच्या चौकटीला वर दोन खिळे ठोकलेले, अजून जागच्या जागी. त्या खिळ्यांवर आम्ही चादरी टांगायचो.

आमचं एक चित्रपट मंडळ होतं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. हॉल मिळायचा तो शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. भर उन्हाचा सिनेमा दाखवायचा म्हणजे आधी अंधार करायला हवा. मंडळाकडे पडदे नव्हते. म्हणून नियम असा होता की प्रत्येक सभासदाने घरून एक जाड चादर आणायची. आमच्या घरची सोलापुरी, चॉकलेटी चौकड्यांची. कुणाचं घोंगडं, कुणाची गोधडी, कुणाचं बाळंतिणीचं ब्लँकेट. पंखे दोन, त्यातला एक फिरायचा. दारं-खिडक्या बंद झाल्या की उकाड्याने जीव जायचा, आणि मग हळूहळू त्या चादरींचे वास सुटायचे. डांबराच्या गोळ्यांचा, खोबरेल तेलाचा, लहान मुलाच्या शूचा, गोवऱ्यांच्या धुराचा. प्रत्येक खिडकीत एक घर टांगलेलं असायचं. वारा मानपाड्याकडून असला तर त्या सगळ्यावर कारखान्यातल्या रंगांचा तो आंबूस वास. त्यात बसून आम्ही ज्या देशांची नावं नकाशात शोधावी लागतात तिथले सिनेमे पाहायचो. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की पडद्यावरची माणसं नुसतेच ओठ हलवत, आणि आम्ही खालची इंग्रजी अक्षरं भराभर वाचत बसायचो. वीज गेली तर त्याच अंधारात तशीच बसायचो. चादरी काढायचं कुणाच्या मनात यायचं नाही.

सिनेमा संपला, चहा झाला, की खरी मजा. तिला आम्ही 'खटला' म्हणत असू. मंडळ चालवायचे करंदीकर सर, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारे, मूळचे पुण्याचे. सिनेमातल्या एका माणसाला ते आरोपी म्हणून उभं करायचे. त्याने केलं ते बरोबर की चूक? एकाने त्याच्या बाजूने बोलायचं, एकाने विरुद्ध, आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. पण बाजू आपण निवडायची नाही. सरांकडे एक कापडी पिशवी असे, तिच्यात शाळेच्या कॅरमच्या दोन सोंगट्या. बोलणाऱ्याने पिशवीत हात घालायचा. पांढरी आली तर बचाव, काळी आली तर फिर्याद. आणि कुठली आली ते मुठीतच ठेवायचं. "आपल्याला मनातून काय वाटतं, हे इथे कुणी सांगायचं नाही," सर बजावायचे. "विचाराला मालक नसतो. तो नीट मांडला की झालं." जुन्या सभासदांना हे ठाऊक असे. नवा माणूस मात्र समजायचा की बोलणारा पोटतिडकीने बोलतोय.

मी त्यात फार रमायची. वीस वर्षांची होते, बी.ए.चं शेवटचं वर्ष, तत्त्वज्ञान विषय. जीभ कात्रीसारखी चालायची. आईला त्याचीच धास्ती. सर मला म्हणाले होते, "एम.ए. कर. घरी सांग, मी म्हणालो म्हणून." ते मी घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगायची सोय उरली नव्हती. माझा साखरपुडा झालेला होता.

त्याची हकिगत अशी. अप्पा, म्हणजे माझे वडील, राजापूरकडून आले ते थेट मोहन्याला रेयॉन कंपनीत लागले. त्यांना नोकरीला लावलं आणि शहाडला स्वतःच्या खोलीत पथारी टाकायला जागा दिली ती गोविंदकाकांनी. लग्न होऊन डोंबिवलीत बिऱ्हाड होईपर्यंत अप्पा तिथेच राहिले. दोघांची पाळी एक, डबा एक, आणि अंगाला येणारा वासही एकच. रेयॉनचा तो सडक्या अंड्यासारखा उग्र वास अप्पांच्या शर्टात कायमचा मुरलेला होता. लहानपणी अप्पा घरात आले हे मला पावलांच्या आधी वासाने कळायचं. गोविंदकाका आले की घरात तो वास दुप्पट व्हायचा, आणि मला त्याने फार सुरक्षित वाटायचं. असल्या वासाने सुरक्षित वाटणारी मी एकटीच असेन.

गोविंदकाकांना एक मुलगा, विलास. फिटर होता, सरळ, कमी बोलणारा. दोन्ही बापांनी आमचं केव्हाचंच ठरवून टाकलेलं, आणि त्या वैशाखात साखरपुडा केला. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही नाही म्हटलं नाही. विलासमध्ये नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. नाव ठेवण्यासारखं काही असतं तर किती सोपं झालं असतं! साखरपुड्याला काकांनी अप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पोरगी माझी झाली हां आता. माघार नाय." अप्पा म्हणाले, "शब्द दिला."

श्रावणात गोविंदकाका गेले. बसल्या जागी. अप्पा स्मशानातून आले आणि तो वास मुरलेला अंगावरचा शर्ट त्यांनी बरेच दिवस धुवायला टाकला नाही.

आमच्याकडे रीत अशी की घरात बाप गेला तर मुलाचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं. मला ही रीत देवासारखी धावून आली असं वाटलं. आता खोटं कशाला बोलू, काकांसाठी मी ढसाढसा रडले होते, आणि तेराव्याच्या जेवणात वाढता वाढता मनात बोटांवर मोजतही होते. तीन वर्षं! तीन वर्षांत एम.ए. होईल, पुढचंही काही होईल, आणि तीन वर्षांनी कोण कुठे असेल कुणी पाहिलंय? आता सगळं अप्पांवर होतं. वर्षाच्या आत की तीन वर्षांनी, हे मुलीकडच्यांनी सांगायचं, असं विलासच्या आईने, काकूंनी, मोठ्या मनाने कळवलेलं होतं.

अप्पा घोटाळत राहिले. गणपती गेले, नवरात्र गेलं. मी वाट पाहत होते की ते मला विचारतील. पण आमच्या घरात बापाने मुलीला 'तुझ्या मनात काय आहे' असं विचारायची पद्धतच नव्हती. ते भाजीचं विचारायचे, परीक्षेचं विचारायचे, चष्म्याचा नंबर वाढला का विचारायचे. रोज संध्याकाळी मी पुस्तक घेऊन बसले की समोर येऊन बसायचे, घसा खाकरायचे, आणि पेपर उघडायचे. मीही शहाणी आपणहून बोलत नव्हते. ती शांतता अजून माझ्या कानात आहे. दोन खोल्यांच्या त्या घरात जायला जागा नव्हती आणि बोलायला तोंड नव्हतं.

शेवटी त्यांनी त्यांच्या परीने वाट काढली. आईला म्हणाले, "ती शनिवारी कुठे जाते, काय बोलते, ऐकून येतो एकदा. पोरीचं मन कळेल." मला हे नंतर कळलं. त्या शनिवारी मी स्टेजजवळ चादर टांगत होते तर दारात अप्पा उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. "बसू का गं मागे?" म्हणाले. मला इतका आनंद झाला की हसूच आवरेना. मी त्यांना पंख्याखालची जागा दिली.

सिनेमा असा होता. कुठल्याशा थंड देशातली एक नदी. नदीवर एक नावाडी. त्याचा जमीनदार मरताना त्याच्याकडून वचन घेतो की माझा मुलगा परत येईपर्यंत पलीकडच्या काठावरचं एकही माणूस अलीकडे आणायचं नाही. जमीनदार मरतो. मुलगा काही येत नाही. वर्षं जातात. आणि एके दिवशी पूर आलेला असताना पलीकडच्या काठावर नावाड्याची स्वतःची लग्न झालेली मुलगी येऊन उभी राहते आणि बापाला हाका मारायला लागते. ती का आली, कुणी हाकलली, काही सांगत नाहीत. ती हाका मारते आणि हा वल्हं हातात धरून बसून राहतो. बस्स. तिथेच संपतो सिनेमा.

मला त्या नावाड्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. मुठी वळल्या गेल्या होत्या माझ्या. सरांनी पिशवी पुढे केली तेव्हा मी मनात म्हणत होते, काळी येऊ दे, काळी येऊ दे. पांढरी आली.

माझ्या विरुद्ध होता जनार्दन भोईर. बँकेत कारकून, डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या कोळी घरातला. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण तापला की घरची बोली बाहेर यायची, होडीची 'होरी' व्हायची. तो उठला आणि सरळ म्हणाला, "आमचेकरं असला वचन कोन देतच नाय. पान्यावरशी हाक आयली का पयली होरी सोराची. मंग इचाराचा, कोन हाय त्यो. पोर बोंबलतंय न् ह्यो बसलाय! कसला वचन? ज्याला दिला त्यो तं मेला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझंही मन टाळ्या वाजवत होतं. पण मी उभी राहिले, आणि भोईरच्या त्याच शेवटच्या वाक्याला मी पकडलं.

"तो मेला, म्हणूनच," मी म्हटलं. "जिवंत माणसाला दिलेला शब्द परत घेता येतो. त्याच्यापुढे जाऊन मान खाली घालायची, म्हणायचं, नाही जमत मला. तो चिडेल, शिव्या देईल, आणि सोडेल. मेलेला माणूस कसा सोडणार? त्याच्याकडे जायचं कुठे? नावाडी मुलीला नाही म्हणत नाहीये. त्याला हो म्हणायची परवानगी देणारं माणूसच जगात उरलेलं नाही. त्याने आज वल्हं मारलं तर मुलगी वाचेल, पण उद्यापासून या नदीवर कुणी कुणाच्या शब्दावर नावेत पाऊल ठेवेल का?"

हॉल गप्प झाला. त्या गप्पपणाची नशा काय असते ते बोलणाऱ्यालाच माहीत. मी आणखी बोलले, आणखी चांगलं बोलले. उकाड्याने पाठीवर घाम वाहत होता. सर मान डोलवत होते. निकालाला बहुतेक सगळे हात माझ्या बाजूने वर गेले, आणि मागच्या रांगेत अप्पांचा हात. ते रडत होते.

घरी जाताना त्यांनी वाटेत मला रताळी घेतली, कारण मला आवडतात. "छान बोललीस," एवढंच म्हणाले. मी तरंगत चालले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. अप्पा सकाळी अंघोळ करून शहाडला गेले आणि दुपारी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. चपला काढता काढताच आईला म्हणाले, "सांगून आलो वहिनींना. वर्षाच्या आत करू. वैशाखातलाच मुहूर्त बघा म्हटलं." मग माझ्याकडे वळले. "मी उगाच अडकलो होतो इतके दिवस. मला वाटत होतं तुझं मन नसेल. पण काल तू काय बोललीस गं! मेलेल्याला दिलेला शब्द. मी वहिनींनाही सांगितलं, शब्द न् शब्द. त्या रडायलाच लागल्या."

माझ्या हातात भाताची पळी होती. ती तशीच धरून मी उभी राहिले.

"अप्पा," मी म्हटलं, "त्या खटल्यात आपली बाजू आपण घेत नाही. पिशवीत हात घालायचा. सोंगटी निघेल ती बाजू."

"म्हणजे?"

"म्हणजे काळी निघाली असती तर मी नावाड्याला फासावर दिला असता."

अप्पा खुर्चीत बसले. त्यांनी हा हिशेब मनात लावून पाहिला. "आणि तेही इतकंच चांगलं बोलली असतीस?"

"हो."

"मग तुझं मन कुठलं?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हे विचारलं, आणि एका दिवसाने उशीर केला. मी काही न बोलता उभी राहिले. त्यावरून त्यांना जे कळायचं ते कळलं. शेजारच्या रेडिओवर नाट्यगीत लागलं होतं, आणि आई उगाचच ताटं मांडून पुन्हा उचलत होती.

"मी उद्या जातो," अप्पा म्हणाले. "वहिनींच्या पाया पडतो. सांगतो, माझं ऐकण्यात चुकलं."

ते खरंच गेले असते. माझा बाप, ज्याने कधी कुणाचं उसनं मीठ ठेवलं नाही, तो विधवा वहिनीसमोर पाया पडायला गेला असता, आणि तेही मी एक गोष्ट सांगितली नाही आणि त्यांनी एक विचारली नाही म्हणून. मला ते चित्रच बघवेना. मी म्हटलं, "तुम्ही नका जाऊ. मी विलासशी बोलते. त्याने स्वतःहून तीन वर्षं म्हटलं तर कुणाचाच शब्द मोडत नाही." अप्पांनी मान हलवली. ती सुटकेची होती की लाजेची, मला तेव्हा कळलं नाही.

दिवाळी आली होती. ज्या घरात माणूस गेलेलं असतं तिथे त्या वर्षी चूल फराळाला पेटत नाही. बाहेरच्यांनी डबा पोचवायचा असतो. तो डबा घेऊन मी शहाडला गेले. घरात काकू होत्या, कुणी कुणी बायका होत्या, बोलायला सवड नव्हती. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवून अशी काही दृष्ट काढली की मला आणखीच कोंडल्यासारखं झालं. परत निघाले तेव्हा विलास म्हणाला, "चला, स्टेशनपर्यंत सोडतो. नदीवरनं जाऊ."

उल्हास नदी तेव्हा बरी होती. पाणी संथ, कडेला बायका कपडे आपटत होत्या, दगडांवर साबणाचा फेस. दूर पुलावरून गाडी गेली. मी वाक्यं जुळवत होते. हॉलभर लोकांसमोर घडाघडा बोलणारी मी, एका माणसासमोर तोंड उघडेना. आणि तेवढ्यात तोच बोलला.

"एक सांगू का? तुम्हाला कुठून तरी कळण्यापेक्षा मीच सांगतो. मामेभावाने मला मस्कतला नोकरी बघितलेली. जायचं ठरत आलेलं. पण मी नाही म्हणून कळवलं. तुमच्या अप्पांचा शब्द आला ना. आता कसला जातोय मी."

त्या एका क्षणात मला जे समजलं ते मला नंतर कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. आपण दिलेल्या शब्दावर कुणी एकदा भार टाकून उभं राहिलं की तो शब्द आपला राहत नाही. आपण खरं बोललो होतो की खेळत होतो, याला काही किंमत उरत नाही. या माणसाने एक अख्खं आयुष्य सोडून दिलं होतं, माझ्या हाती लागलेल्या एका सोंगटीपायी. आता मी कुठल्या तोंडाने त्याला म्हणू की थांब?

"बरं केलंत," मी म्हटलं.

डोंबिवलीत परतले तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी अप्पा उभे होते, केव्हापासून कोण जाणे. मी म्हटलं, "राहू दे अप्पा. होऊ दे लग्न." त्यांनी माझ्या हातातला रिकामा डबा घेतला आणि पुढे चालू लागले.

वैशाखात लग्न झालं. एम.ए. राहिलं ते राहिलंच. मंडळ पुढे काही वर्षं चाललं म्हणे. मग घरोघर व्हिडिओ आले, करंदीकर सर पुण्याला गेले, चादरी आपापल्या घरी परतल्या. संसार वाईट झाला का? नाही. विलासने कधी आवाज चढवला नाही, कधी हात आखडला नाही. पोरीला शिकू दिलं, माझ्यापेक्षा जास्त. तेच तर सांगतेय. वाईट झाला असता तर मला तक्रार करता आली असती. ही कोंडी अशी की तिला दारही नाही आणि भिंतही नाही. आतून कोणी मारत नाही, बाहेरून कोणी कडी घातलेली नाही. नव्वदच्या दशकात, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, कधी दुपारी मी घराची दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि अंधारात नुसती बसायची. काकू विचारायच्या, "डोकं दुखतंय का गं?" मी हो म्हणायची.

आणि आता तो हॉल. विलास एका मोडक्या बाकावर रुमाल पसरून बसला आणि मला म्हणाला, "इथेच ना गं तुझं ते नावाड्याचं भाषण? आईला पाठ होतं. जाईपर्यंत म्हणून दाखवायची. त्या भाषणापायी मी मस्कत सोडलं." आणि हसला.

"माहितीय," मी म्हटलं. "मी भेटायच्या आधीच कळवून मोकळे झाला होतात."

"आधी कुठे? तुला गाडीत बसवलं, मग तसाच गेलो कळवायला."

मी स्टेजच्या कडेला उभी होते. खाली बसले. "म्हणजे नदीवर बोललात ते?"

"ते असंच बोललो." तो जरासा लाजला. या वयात! "अगं, मी तर तुला विचारायलाच नदीवरनं नेलेलं. तीन वर्षं थांबाल का म्हणून. मला जायचं होतं गं. लय जायचं होतं. पण तुझा चेहरा बघितला, हा एवढासा झालेला. मला वाटलं, हिला कुणीतरी सांगितलंय मी पळतोय म्हणून, तेच विचारायला आलीय बिचारी. म्हटलं, कशाला पोरीचा जीव टांगणीला. म्हणून बोलून टाकलं, नाही म्हणून कळवलं."

बाहेर कुठेतरी काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. त्या नदीकाठी, ती कपडे धुणाऱ्या बायकांच्या पलीकडची दहा-वीस पावलं, आम्ही दोघंही मोकळे होतो. दोघांनाही तेच हवं होतं. मागायची खोटी होती. मला एकदम संताप आला, कुणावर ते कळेना, आणि मग आयुष्यभर न सांगितलेलं मी सांगून टाकलं. सोंगटीचं, रविवारचं, सगळं. "मी लग्न पुढे ढकलायला आले होते," मी म्हटलं. "खरं तर मोडायलाच."

विलासने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता विचारेल की मग बोलली का नाहीस. त्याने विचारलं, "अप्पांना माहीत होतं?"

"हो."

"लग्नात माझे पाय धुतले तेव्हा?"

"हो."

"म्हणून ते आपल्याकडे जेवले नाहीत," तो म्हणाला.

मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही, ही जुनी पद्धत. पण आमची लेक झाली, तिचं बारसं झालं, ती शाळेत गेली, कॉलेजात गेली. अप्पा महिन्या-दोन महिन्यांनी शहाडला यायचे, नातीशी खेळायचे, चहा घ्यायचे, आणि पान वाढलं की काहीतरी काम काढून उठायचे. ज्या घरात काकूंच्या हातचं चार वर्षं जेवले होते, त्याच घरात. शेवटी शेवटी पाय चालेनासे झाले तरी उपाशी परत जायचे. मी कधी आग्रह केला नाही. मला कारण ठाऊक होतं.

"दर वेळी मी जाऊन सुरमई आणायचो," विलास म्हणाला. "त्यांना आवडते म्हणून. मला वाटायचं, जावई म्हणून मी त्यांना पसंत नाही. इतकी वर्षं मी हेच धरून बसलो."

"तुमच्याबद्दल ते कधी वावगं बोलले नाहीत," मी म्हटलं. "त्यांचा राग स्वतःवर होता."

"मग मला सांगायचंस ना गं तेव्हाच," तो म्हणाला. "मी त्यांना हाताला धरून पानावर बसवलं असतं."